उत्खननाची सहल आणि घरी राहणाऱ्या सासूबाई

पत्राचा सारांश : एका वाचक भगिनींनी दक्षिण इस्रायलमधील एका शहरातून हे पत्र पाठवले आहे. त्या बेने इस्रायल या कोकणातील ज्यू समाजातील असून मूळच्या ठाण्याच्या आहेत आणि लग्नानंतर, १७ वर्षांपूर्वी, तिकडे स्थायिक झाल्या आहेत. येत्या हनुक्काच्या (ज्यूंच्या दिव्यांच्या सणाच्या) सुटीत त्यांची धाकटी बहीण, बहिणीचे यजमान आणि १२ वर्षांचा भाचा ठाण्याहून महिनाभरासाठी येत आहेत. त्यांना घेऊन सर्वांनी मरेशा येथील प्राचीन गुहांमध्ये एक दिवस उत्खननाचे काम करावे, असे त्यांच्या मनात आहे. तेथे ठरावीक शुल्क भरून कोणालाही पुरातत्त्वज्ञांच्या हाताखाली माती उकरता आणि चाळता येते. मात्र घरात या बेतावर एकमत नाही. यजमान कारखान्यात पाळीने काम करतात आणि ‘पैसे देऊन हमाली कशाला करायची’ असे विचारतात. बहिणीच्या यजमानांना इतिहासाची आवड आहे. अननुभवी माणसांच्या हाती कुदळ देणे हा वारशाशी खेळ आहे, कान्हेरीत असे कोणी चालवून घेईल का, असे त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितले. १५ वर्षांचा मुलगा येण्यास तयार नाही. ९ वर्षांच्या मुलीला अंधाराची भीती वाटते, पण सापडलेली वस्तू घरी आणायला मिळणार असेल तर ती येणार आहे. ७४ वर्षांच्या सासूबाई अलिबागजवळच्या गावी वाढल्या. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांच्यासाठी जेवण करून ठेवून त्यांना घरी ठेवायचे, असे ठरले आहे. मुलांना मराठी जेमतेम समजते आणि भाच्याशी त्यांचे काही जुळत नाही. ‘या एका दिवसाने तरी घर एकत्र येईल, अशी आशा आहे. मी आग्रह धरू का?’ असे त्या विचारतात.

उत्तर :

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात नवऱ्याच्या नाराजीला एक परिच्छेद आहे, बहिणीच्या यजमानांच्या आक्षेपाला दोन आहेत आणि मुलांच्या कुरबुरींना जवळजवळ एक पान आहे. सासूबाईंच्या वाट्याला मात्र दोनच वाक्ये आली आहेत. पहिल्यात त्यांचे गुडघे आहेत आणि दुसऱ्यात, अगदी जाता जाता, ‘त्यांच्या आजोबांचा गावी तेलाचा घाणा होता’ असा उल्लेख आहे. मला हे दुसरे वाक्य तुमच्या सबंध पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाटले, म्हणून उत्तराची सुरुवात तेथूनच करते.

मरेशाच्या गुहा निसर्गाने घडवलेल्या नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण ठाण्याच्या पाहुण्यांसाठी आणि या सदराच्या वाचकांसाठी थोडे सविस्तर लिहिते. तेथे वर टणक कवचासारखा दगडाचा थर आहे आणि त्याखाली खडूसारखा मऊ, पांढरा दगड आहे. लोकांनी वरचे कवच फोडून खालचा दगड कापला, त्या दगडाने वर घरे बांधली आणि खाली तयार झालेल्या पोकळीचा उपयोग पाण्याची टाकी, कोठारे, कबुतरांचे खुराडे आणि तेलाचे कारखाने यांसाठी केला. अशी सुमारे ३,५०० भूमिगत दालने या परिसरात आहेत आणि २०१४ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला. म्हणजे हे एक गाव होते आणि त्या गावाचे पोट जमिनीखाली होते. त्या पोटात जैतुनाचे तेल गाळण्याचे घाणे होते आणि त्यांतला एक आज राष्ट्रीय उद्यानात पाहण्यासाठी नीट मांडून ठेवलेला आहे.

आता तुमच्या सासूबाईंचा विचार करा. कोकणात बेने इस्रायल समाजाची ओळख कित्येक पिढ्या ‘शनवार तेली’ अशी होती, कारण त्यांचा व्यवसाय तेल गाळण्याचा होता आणि शनिवारी, म्हणजे सब्बाथ या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, ते घाणा बंद ठेवत. तुमची मुले ज्या देशात जन्मली, त्या देशातील २,२०० वर्षांपूर्वीच्या तेलघाण्यासमोर उभे राहून ‘आमच्याकडे हे असे नव्हते, असे होते’ असे सांगू शकेल, अशी तुमच्या घरात एकच व्यक्ती आहे आणि तिला तुम्ही जेवण झाकून ठेवून घरी बसवणार आहात. आपल्याकडच्या घाण्यात तीळ किंवा कारळे उखळात पडतात, बैल फिरतो, लाट फिरते आणि चिरडणे व पिळणे ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी होतात. मरेशाच्या घाण्यात ही कामे वेगळी आहेत. आधी जनावराकडून दगडी चाक फिरवून फळे चिरडायची आणि मग तो लगदा विणलेल्या टोपल्यांत भरून, टोपल्या एकावर एक रचून, लाकडी तुळईला दगडांची वजने टांगून दाबायच्या. हा फरक पाटीवर वाचून मुलांच्या लक्षात राहणार नाही. आजीने हाताने गोल करून दाखवला, बैलाच्या डोळ्यांना झापड का बांधत हे सांगितले, उरलेल्या पेंडीचे काय करत ते सांगितले, तर राहील.

गुडघ्यांचा प्रश्न खरा आहे आणि तो मी हलका मानत नाही. उत्खननाच्या गुहांमध्ये उतरणे, वाकणे आणि काही ठिकाणी रांगणे असते. ते त्यांनी करू नये. पण उत्खनन म्हणजे केवळ उकरणे नव्हे. खालून भरून आणलेल्या बादल्यांतील माती वर चाळली जाते आणि चाळणीत उरलेल्या खड्यांतून खापरे, हाडांचे तुकडे, क्वचित एखाद्या दिव्याचा तुकडा वेचून बाजूला काढावा लागतो. ज्या हातांनी ५० वर्षे तांदूळ निवडले, त्यांना हे काम कोणी शिकवावे लागणार नाही. तेलघाण्याच्या गुहेत पायऱ्या उतराव्या लागतात. त्या किती आणि कशा आहेत हे आधी विचारा, सावकाश उतरणे जमणार असेल तरच न्या, आणि न जमल्यास शेजारच्याच बेत गुव्रीनच्या घंटेच्या आकाराच्या उंच, उजेडाच्या गुहा त्यांना दाखवा. मुख्य म्हणजे, यायचे की नाही हे त्यांना विचारा. तुमच्या पत्रावरून असे दिसते की त्यांच्याविषयी ठरले, पण त्यांना कोणी विचारले नाही. त्या ‘मी घरीच बरी’ म्हणाल्या, तर एकदा पुन्हा विचारा. आपल्याकडच्या सासवा पहिल्या विचारण्याला बहुधा नाहीच म्हणतात, कारण आपली अडचण कोणाला होऊ नये असे त्यांना वाटत असते.

आता बहिणीच्या यजमानांच्या आक्षेपाकडे वळते. तुम्ही तो ‘उगाच खोडा’ म्हणून लिहिला आहे. मला तो तसा वाटत नाही. विद्यार्थिदशेत एका हंगामापुरते मी उत्खननावर काम केले आहे आणि तेथे पहिल्याच दिवशी आम्हाला शिकवले गेले की उत्खनन हा एक प्रकारचा नाशच असतो. एकदा उकरलेला थर पुन्हा रचता येत नाही, म्हणून उकरताना जे नोंदले जाईल तेवढेच मागे उरते. त्यामुळे नवख्या हातांची त्यांना भीती वाटते, हे योग्यच आहे. त्यांनी केलेली कान्हेरीशी तुलना मात्र मला पटत नाही. कान्हेरीची लेणी म्हणजे काळ्या पाषाणात कोरलेले विहार, चैत्य आणि पोढ्या म्हणजे पाण्याची टाकी. तेथे जे अमोल आहे ते भिंतींवर, शिल्पांत आणि दानाच्या लेखांत समोर उभे आहे आणि कुदळीने त्याची केवळ हानीच होईल. मरेशाची दालने मात्र वरच्या घरांचा राडारोडा, फुटकी भांडी आणि माती यांनी भरलेली आहेत. हा भराव मुख्यतः वरून खाली आलेला आहे. घराच्या जमिनीवर वस्तू जागच्या जागी पडलेल्या असतात तशी नाजूक मांडणी त्यात नसते. म्हणूनच देखरेखीखाली नवख्या माणसांकडून तो काढून घेता येतो. तेथेही परवान्याशिवाय कोणी कुदळ मारत नाही आणि प्रत्येक बादली कोणत्या गुहेतील, कोणत्या भागातील, याची नोंद ठेवावीच लागते.

त्यांना आणि तुमच्या मुलीला, दोघांनाही, एक हकीकत सांगा. जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये एक ग्रीक शिलालेख आहे. सेल्यूकस चौथा या राजाने हेलिओडोरस नावाच्या आपल्या अधिकाऱ्याला लिहिलेले इ.स.पू. १७८ मधील पत्र त्यावर कोरलेले आहे. हनुक्काच्या गोष्टीत जो राजा अँटायोकस येतो, तो याच सेल्यूकसचा धाकटा भाऊ. या शिळेचा मोठा भाग पुरावस्तूंच्या बाजारातून आला होता. तो कोठे उभा होता आणि कोणी उपटला, हे कोणालाच सांगता येत नव्हते. पुढे २००५ आणि २००६ मध्ये मरेशाच्या ५७ क्रमांकाच्या भूमिगत दालनसमूहात, एका दिवसासाठी आलेल्या हौशी लोकांच्या याच उपक्रमात, तीन कोरीव तुकडे मिळाले. अभ्यासकांनी ते ताडून पाहिले, तेव्हा ते त्याच शिळेचे निघाले. मोठ्या, देखण्या दगडाला आपला पत्ता माहीत नव्हता. तो पत्ता या तीन लहान तुकड्यांनी सांगितला, कारण ते कोठे सापडले हे लिहून ठेवलेले होते. त्या दिवशी एखाद्या पाहुण्याने त्यांतला एक तुकडा आठवण म्हणून खिशात घातला असता, तर त्याचे त्या शिळेशी असलेले नाते कोणालाच कळले नसते.

तेव्हा मुलीला ‘सापडेल ते तुझे’ असे वचन देऊन नेऊ नका. पत्रात तुम्ही लिहिले आहे की एवढे सांगितले तरच ती तयार होते. पण हे वचन तुम्हाला पाळता येणार नाही. इस्रायलच्या १९७८ च्या पुरावस्तू कायद्यानुसार सापडलेली पुरावस्तू राज्याच्या मालकीची असते. ‘एखादे खापर घेऊ का’ असे तेथील मार्गदर्शकांनाही विचारायला लावू नका. त्याऐवजी एक वही आणि पेन्सिल द्या. चाळणीत तिला जे पहिले खापर मिळेल, त्याचे चित्र तिने काढावे, कोणत्या गुहेतून आले ते मार्गदर्शकांना विचारून खाली लिहावे आणि तारीख टाकावी. उत्खननावर आम्ही नेमके हेच करत होतो आणि नऊ वर्षांच्या मुलीलाही ते करता येते. अंधाराविषयी म्हणाल, तर अजून न उकरलेल्या गुहांतून मेणबत्तीच्या उजेडात रांगत जाण्याचा एक भाग या उपक्रमात असतो, पण तो ऐच्छिक आहे. तिला वर आजीजवळ थांबता येईल, हे तिला घरातून निघण्यापूर्वीच सांगून ठेवा. तेथे पोचल्यावर सर्वांसमोर ‘घाबरलीस का’ असे कोणी विचारू नये.

यजमानांच्या बोलण्यामागे मला गुहांविषयीची नावड दिसत नाही. ‘पैसे देऊन हमाली’ असे म्हणणारा माणूस आठवडाभर अंगमेहनत करतो आणि त्याला मिळणारा सुटीचा एक दिवस तुम्ही पुन्हा बादल्या उचलण्यात घालवायला सांगत आहात. त्यांचा थकवा मान्य करा. त्यांनी गाडी चालवावी, आईंना हात देऊन पायऱ्या उतरवाव्यात आणि नंतर झाडाखाली आडवे व्हावे, असे ठरवले तरी सहल अपुरी राहत नाही. उपक्रम साधारण तीन तासांचा असतो. उरलेला दिवस त्यांचा असू द्या. सर्वांनी एकाच वेळी एकच काम केले म्हणजेच कुटुंब एकत्र आले, ही कल्पना आपण कोठून घेतली कोण जाणे. आपल्या आजोळच्या घरांत कोणी विहिरीवर, कोणी माजघरात, कोणी ओटीवर असायचे आणि तरी सगळे एकत्रच असायचे.

मुलाला ओढून नेऊ नका. पंधराव्या वर्षी दिलेला नकार पुष्कळदा त्या गोष्टीला नसतो. आपल्याला न विचारता आखलेल्या बेताला असतो. त्याला एक नेमके काम देऊन पाहा. तेथील मार्गदर्शक इंग्रजीतून किंवा हिब्रूतून बोलतात. आजीला यांतले किती कळेल हे तुम्हाला माहीत आहे, आणि ठाण्याच्या भावाला हिब्रू येत नाही. ‘तू आमचा दुभाष्या म्हणून ये’ असे म्हटले, तर त्याच्या येण्याला काही अर्थ राहतो. त्याचे मराठी मोडके आहे, अशी तुमची तक्रार आहे. मोडके का असेना, त्या दिवशी ते कोणाच्या तरी गरजेचे असेल. तरीही तो नाही म्हणाला, तर त्याला घरी राहू द्या आणि परत आल्यावर टोमणा मारू नका. भाच्याशी मैत्री व्हावी म्हणून दोघांना मुद्दाम शेजारी बसवण्याचीही गरज नाही. एक मुलगा बादली भरतो आणि दुसरा ती वर ओढतो, तेव्हा फार शब्द लागत नाहीत.

ताई, तुमच्या पत्रातील ‘या एका दिवसाने तरी’ या शब्दांपाशी मी थांबले. सतरा वर्षांत बहिणीपासून जे अंतर पडले, मुलांच्या तोंडून जी भाषा ओसरली, ते सारे एका सहलीने भरून निघावे, अशी तुमची अपेक्षा आहे. तेवढे ओझे त्या दिवसावर टाकलेत, तर कोणी थोडा कंटाळला किंवा कोणाचा पाय घसरला, तरी तुम्हाला आपण हरलो असे वाटेल. शिवाय उत्खननात बहुतेकांना काहीच ‘भारी’ सापडत नाही. साधी खापरे सापडतात, पुष्कळ सापडतात. ज्या दिवशी विशेष काही हाती लागत नाही तो दिवस फुकट गेला असे पुरातत्त्वज्ञ मानत नाहीत आणि तुम्हीही मानू नये. महिनाभर बहीण तुमच्याकडे आहे. ही सहल त्या ३० दिवसांतील एक दिवस असू द्या.

आणखी एक गोष्ट, जी मुलांना सांगावी असे मला मनापासून वाटते. तुम्ही हनुक्काच्या सुटीत जात आहात. शाळेत मुले त्या अँटायोकसविरुद्ध उठाव करणाऱ्या मक्काबी या ज्यू वीरांच्या गोष्टी ऐकून आलेली असतील. मरेशात त्या काळी इदोमी या ज्यू नसलेल्या शेजारी लोकांची मोठी वस्ती होती, आजच्या लेबनॉनमधील सिदोनहून आलेले लोकही होते. यहुदा मक्काबीचा पुतण्या योहानान हिर्कानस याने इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस हा प्रदेश जिंकला. ज्यू धर्म स्वीकारला तरच इदोमींना येथे राहता येईल अशी अट त्याने घातली, असे जोसेफस या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. म्हणजे मुले ज्यांची भांडी हातात धरणार आहेत, त्यांच्या दृष्टीने गोष्टीतील वीर वेगळे होते. कोकणच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या आपला सब्बाथ पाळू शकलेल्या घरातील आजी तेथे हजर असताना हे बोलणे अधिक अर्थाचे होईल. पंधरा वर्षांचा मुलगा कदाचित याच प्रश्नासाठी येईल. त्या वयाला असे प्रश्न आवडतात.

तुमच्यासारखाच विचार महाराष्ट्रात आणि गोव्यात राहणारे काही वाचक करत असतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडे लिहिते. आपल्याकडे लेण्यांत किंवा पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर हौसेने खोदकाम करणे हा गुन्हा ठरू शकतो. संरक्षित स्थळांना १९५८ चा केंद्रीय कायदा आणि महाराष्ट्रात १९६० चा राज्याचा कायदा लागू आहे आणि उत्खननाला परवाना लागतो. जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा, असे १८७८ पासूनचा कायदा सांगतो. पावसाळ्यानंतर लेण्यांतील टाकी ‘साफ’ करण्याच्या उत्साही मोहिमा निघतात, त्यांतही गाळ उपसण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी आहे का, हे आयोजकांना विचारा. तो गाळ कचरा नसून नोंदीचा कागद असू शकतो. मुलांना घेऊन करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. कान्हेरीत एका दिवसात एका लेण्याचा साधा आराखडा पावलांनी मोजून काढता येतो. त्याच लेण्यांतील दानलेखांत कल्याण आणि सोपारा येथील माणसे भेटतात. रत्नागिरीकडील सड्यांवरची कातळशिल्पे स्थानिक लोकांनी पायी हिंडून, गुराख्यांना विचारून शोधली आणि नोंदवली. त्यासाठी कोणाला कुदळ लागली नाही.

आता तुमच्या बेताविषयी व्यवहाराचे. आयोजकांना फोन करून सध्या उपक्रम कोणत्या दिवशी चालतो आणि सुरक्षेच्या कोणत्या सूचना आहेत ते विचारा; शनिवार आणि शुक्रवारची दुपार तुम्ही तसेही धरणार नाही. उत्खननाचा परवाना कोणाच्या नावावर आहे, सापडलेल्या वस्तू कोठे जातात आणि त्यांचा अभ्यास प्रसिद्ध होतो का, हे तीन प्रश्न बहिणीच्या यजमानांनी स्वतः विचारावेत, असे सुचवते. उत्तरे समाधानकारक वाटली नाहीत, तर ‘नको’ म्हणण्याचा अधिकार त्यांना द्या. पटली, तर ते तुमच्यापेक्षा उत्साहाने येतील. गुहांत धूळ असते, म्हणून घरात कोणाला दमा असल्यास त्याने चाळणीपासून दूर राहावे. बंद बूट, मळले तरी चालतील असे कपडे, पाणी आणि आईंसाठी पाठ टेकता येईल अशी घडीची खुर्ची बरोबर असू द्या. त्यांना चाळणीजवळ सावलीत बसण्याची सोय होईल का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

आणि जाण्याच्या आदल्या संध्याकाळी, दिवे लावून झाले की, सर्वांसमोर आईंना घाण्याविषयी विचारा. तो अंगणात होता की पडवीत, बैल कोणाचा होता, शुक्रवारी संध्याकाळी घाणा थांबवताना काय काय आवरत, तेलाचा वास घरात कुठपर्यंत येई. मुलाला त्यातले जे समजणार नाही, ते त्याला विचारू द्या. उत्तर तुम्ही देऊ नका, त्यांनाच देऊ द्या.